मदर हॅथ फीवर

चौथीपर्यंत मराठी शाळा, देवळाच्या अग्रशाळेत भरणारी.
पाचवीला एकदम हळदोण्याचं हायस्कूल,
आणि इंग्रजीला एर्मेलिंदा लोबो टीचर.

पुस्तक जुनं, वाळवीने कडेकडेने वाचलेलं.
आतल्या क्रियापदांना शेपट्या.
दाऊ हॅस्ट, ही हॅथ,
दाऊ डस्ट, ही डथ,
आम्ही औटकीचा पाढा म्हणावा तसे म्हणायचो,
खिडकीच्या शिंपल्यांतून पिवळं ऊन पाटीवर पडायचं.

शेपटी कशाला, टीचर?
तर माणूस समोर आहे की पाठीमागे
ते क्रियापदालाच कळावं म्हणून.
समोर असेल तर स्ट. नसेल तर थ.
शेवटच्या बाकावरचा इनास पुटपुटला, आणि मेला असेल तर?
त्याला बाकावर उभं केलं. उत्तरही दिलं:
तरीही थ. थडग्यावर लिहितात, हिअर लायथ.
निजलेला असतो तो. अजून वर्तमानकाळात.

'मीथिंक्स' आला त्या दिवशी मी हात वर केला.
टीचर, ह्यात आपला मी कसा?
त्या हसल्या नाहीत.
हा तुझा मी नव्हे रे शाणू, हा 'मज'.
मज वाटे.
इंग्रजांनाही एके काळी वाटत असे.
मग ते विचार करू लागले.

आणि तू?
तूही होता म्हणे त्यांच्याकडे,
देवाला तू, बायकोला तू, भांडताना शेजाऱ्याला तू.
पुढे सगळे इतके सभ्य झाले की
एक शब्द उपाशी मेला.
हे मी रात्री आईला सांगितलं.
ती मासळी निवडत होती. म्हणाली,
मग देवाला आता हाक कशी मारतात ते?

त्याच पावसाळ्यात आई आजारी पडली.
रजेचा अर्ज मी स्वतः लिहिला,
वहीचं पान नीट फाडून, समास सोडून:
माय मदर हॅथ फीवर.
हेडमास्तरांनी लाल गोल काढला, स्टाफरूममध्ये वाचून दाखवला,
शिपायापर्यंत हसले सगळे.
टीचरनी अर्ज मागून घेतला, खाली सही केली.
ताप जुना असेल, म्हणाल्या.

जुनाच होता.

पुढे मी पणजीला, मग वजन-मापं खात्यात,
बत्तीस वर्षं तराजूंना शिक्के मारत फिरलो.
शेपट्या झडल्या. करीतसे, येतसे, जातसे
भजनापुरते उरले, तेही आरतीच्या घाईत.
फक्त 'म्हणे' तेवढा तगून राहिला,
कोण म्हणे ते हरवलं,
नुसता म्हणे उरला, बाजारभर हिंडणारा.

टीचर कुणाला ओळखत नाहीत म्हणे.
हे म्हापशाला शुक्रवारी ऐकलं, चवरीसांच्या राशीपाशी,
आणि तशीच पिशवी घेऊन हळदोण्याची बस धरली.

बाल्कांवावर बसल्या होत्या. लहान झाल्या होत्या.
सांभाळणारी मुलगी सत्तरीकडची, सुलक्षा,
कानात ओरडून म्हणाली, टीचर, कोण आलाय पळय!
त्यांनी पाहिलं. खूप सभ्यपणे पाहिलं.
तूं कोण रे?

नाव सांगितलं. गाव सांगितलं. साल सांगितलं.
काही हललं नाही.
मग काय सुचलं कुणास ठाऊक, उभा राहिलो,
हात बांधले, आणि म्हटलं:
टीचर, माय मदर हॅथ फीवर.

खालच्या वाटेवरून कुणाची तरी स्कूटर गेली.
माडाचं एक झावळ आपल्या जागी थोडं सरकलं.
टीचरची तर्जनी वर आली,
तीच, खडूशिवाय खडू धरल्यासारखी.

हॅड, म्हणाल्या.
मदर हॅड.

आई जाऊन अकरा वर्षं झाली.
त्यांना ठाऊक होतं, की ते नुसतं व्याकरण होतं,
मी विचारलं नाही.
पोदेराचा पोंगा वाजला,
सुलक्षा पिशवी घेऊन फाटकाकडे धावली,
आणि टीचरनी मला खूण केली,
बस.